तक्त्यातली दोन पोरं

"बाई, तुमचं रजिस्टर लई जुनं झालंय वं," हणमंत काकडे म्हणाला.

मी पोरांना मटकीची उसळ वाढत होते. मारुतीच्या देवळाचा ओटा, ओट्यावर अठ्ठावीस पोरं ओळीनं बसलेली, आणि हा गृहस्थ मोटारसायकल उभी करून सरळ माझ्या पत्र्याच्या पेटीकडं बघत उभा. त्याच्या मागं त्याची बायको संजीवनी. खरसवाडीची सरपंच होऊन तिला आठ महिने झाले होते. एरवी लांबूनच "काय बाई, जेवलीत का पोरं?" म्हणून हाक देणारी ही बाई आज जमिनीकडं बघत होती. कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं मला कळलं.

"जुनं झालं तर झालं," मी म्हटलं. "तुम्हाला त्यात कुणाचं वजन बघायचंय?"

"वजन न्हाय वं. नवं घ्या की एखादं. जाड पुठ्ठ्याचं आणून देतो मी. त्यात सगळं पयल्यापासनं उतरून काढा, चांगल्या अक्षरात. अन् उतरताना आमची कोमल जितं जितं आली आसंल, तितं आईच्या रकान्यात लीलावयनीचं नाव टाका."

माझ्या हातातली पळी हातातच राहिली.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मला अंगणवाडी चालवायला लागून बारा वर्षं झाली होती. गावात कोण पोटुशी आहे, कुणाचं कितवं, कुणाचं पोर किती भरलं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कोमल जन्मली तेव्हा झोळीच्या काट्यात मीच तिला टाकली होती. दोन किलो तीनशे. संजीवनीची दुसरी मुलगी. थोरली स्वप्नाली, मधली कोमल आणि मग नवस-सायास करून झालेला सार्थक. लीला म्हणजे हणमंताची भावजय. ती आणि तिचा नवरा ज्ञानदेव इचलकरंजीला यंत्रमागावर होते. त्यांना मूलबाळ नव्हतं.

आता हे नाव फिरवायचं कशासाठी? तर कायद्यासाठी. आपल्याकडं ठरावीक तारखेनंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. लोकसंख्या आटोक्यात यावी म्हणून. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा सार्थक दीड वर्षाचा होता. संजीवनी दहावी झालेली, बचत गट चालवणारी, चारचौघांत बोलायला न भिणारी. तिला "तू उभी राहा" म्हणून भरीला घातलं ते मीच. तिसऱ्याचं काय, असं मी हणमंताला विचारलं होतं. "वकिलाला इचारलंय, बसतंय सगळं," तो म्हणाला आणि मी गप्प बसले. खोलात जायचंच नव्हतं मला.

आणि आता पंचायतीतल्या विरोधी गटाच्या भगवान तोडकरनं जिल्ह्याच्या कचेरीत तक्रार टाकली होती, की सरपंचबाईंना तीन अपत्यं आहेत, त्यांना घरी बसवा. तोडकरला स्वतःला चार. पण चारही त्या तारखेच्या आधीची! म्हणजे चार पोरांचा बाप कायद्यात बसत होता आणि तीन पोरांची आई बसत नव्हती. मला त्या दिवशी नेमका कुणाचा राग जास्त आला, हे मी आजही सांगू शकणार नाही.

"हणमंतराव," मी म्हटलं, "ही अंगणवाडी आहे, तुमचं पंचायतीचं दप्तर नाही. पायऱ्या उतरा."

तो उतरला. जाताना म्हणाला, "ग्रामसेवकानं पान बदाललंय. शाळंत दुरुस्ती झालीया. तुमचंच तेवढं ऱ्हायलंय. बघा इच्यार करून."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शनिवारी माझी अंगणवाडी बंद असायची, कारण मारुतीला तेल घालायला माणसं यायची आणि ओटा तेलानं माखायचा. इतर दिवशीही भजनवाल्यांनी उठ म्हटलं की उठायचं, वळीव आला की पोरं गाभाऱ्यात कोंबायची. बारा वर्षं मी एका खोलीसाठी अर्ज करत होते. म्हणून शनिवारी मी घरी होते. संजीवनी एकटीच आली, उंबऱ्यातच बसली.

"बाई, तुमच्या खोलीचा ठराव झालाय. वरनं मंजुरीबी आलीया. पर काम सुरू व्हायच्या आत मी गेले, तर तोडकर पयल्यांदा त्योच कागद फाडील. त्याला तितं व्यायामशाळा पायजे."

"खोली गेली खड्ड्यात. मला एक सांग. कुणाला काढायचं, हे कधी ठरलं तुमचं?"

तिनं पदर डोक्यावर पुढं ओढला.

"अगं, तीन पोरं आहेत तुला. तिसऱ्यावर आक्षेप आहे ना? मग तिसरा लाव लीलाच्या नावावर!"

संजीवनीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते.

"सार्थकला? बाई, काय बोलताय? पोरगा कुणी दुसऱ्याच्या नावावर लावतंय व्हय? सासूबाई जीव देतील." मग बोटानं उंबरा कोरत म्हणाली, "स्वप्नाली चौथीत, वर्गात पयली येती, सगळ्या मास्तरांना ठावं हाय ती माझी. बारका तर पोरगाच. मग मधलीच ऱ्हायली."

मधलीच राहिली! ताटात काय उरलंय हे सांगावं, तशी ती बोलली. मी तिच्यावर ओरडले. चपलेनं मारावं असं वाटलं, हेही सांगते. ती ऐकून घेत होती, रडत होती आणि उठत मात्र नव्हती.

"नुस्तं कागदावर हो, बाई. कागदावर नाव बदाललं म्हून काय पोरगी बदालती? माझ्या पोटचीच की ती. माझ्याजवळच ऱ्हाणार. पाच वर्सं गेली की परत नीट करून घेऊ. मला काम करायचंय, बाई. नळाचं पाणी आणायचंय. आठ महिन्यांत मला घरी पाठवायला बघत्यात, ते मी बाई हाय म्हून. तुमीच म्हणाला हुता ना, उभी ऱ्हा म्हून?"

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हणमंतानं जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर पाठवून दिलं आणि मी ते ठेवून घेतलं. पोरांना बसायला जागा हवी म्हणून ठेवून घेतलं, असं मी स्वतःला सांगितलं. तेव्हा ते मला पटलंही.

तीन दुपारी बसून मी सहा वर्षांच्या नोंदी उतरून काढल्या. सगळ्या एका शाईत दिसू नयेत म्हणून चार वेगवेगळी पेनं वापरली. पानांच्या कडांना तेलाचा हात पुसला, मधेच एका पानावर उसळीचा डाग पाडला. कोमल काकडे, वजन दोन किलो तीनशे, आईचे नाव लीला. काम असं झालं, की माझं मलाच जुनं रजिस्टर कुठलं आणि नवं कुठलं ते वास घेऊन बघावं लागलं असतं. जुनं मी बंबात घातलं.

वाटलं होतं, आपलं काम झालं. पण तोडकरच्या वकिलानं अर्ज दिला, की मुलीलाच समोर बोलवा. मग संजीवनी आणि हणमंत दोघंही माझ्या दारात.

"आमचं ऐकंना झालीया," हणमंत म्हणाला. "लीलावयनीला आणून ठिवलंय घरी, तर तिच्या मांडीवरबी बसंना. तुमचं ऐकती ती. तुमीच शिकवा."

ऐकायचीच ती माझं. पहिलीत गेली होती तरी शाळा सुटली की दप्तर घेऊन सरळ माझ्याकडं यायची, बारक्या पोरांची नाकं पुसायची. तर मी तिला शिकवायला बसले. माझी शिकवण्याची हातोटी चांगली आहे, असं पर्यवेक्षिकाबाईंनी दोनदा शेरा मारून लिहिलेलं आहे.

"कोमल, तुझ्या आईचं नाव काय?"

"संजीवनी."

"नाही. लीला."

"लीला काकू हाय."

"कुणी विचारलं तर लीला आई. आणि संजीवनी काकू."

"खोटं बोललं की तुमीच कान धरता की!"

काय सांगणार? मी पेटीतून तक्ता काढला. कुटुंब नियोजनाचा तक्ता होता तो, बायकांच्या बैठकीत मी तोच दाखवायचे. लुगड्यातली आई, टोपीवाला बाप, एक मुलगा, एक मुलगी, मागं कौलारू घर आणि खाली 'लहान कुटुंब, सुखी कुटुंब'.

"हे बघ. या घरात पोरं किती?"

"दोन."

"मग? ही ताई. हा सार्थक."

तिनं चित्रावरून बोट फिरवलं. घराच्या मागं, झाडाखाली, सगळीकडं.

"अन् मी कुठाय?"

"तू दुसऱ्या चित्रात आहेस."

"दावा की."

दुसरं चित्र नव्हतंच. मी तिच्या पाटीवर खडूनं एक घर काढलं, एक बाई, एक माणूस आणि मधे एक वेण्यांची मुलगी. तिनं ती पाटी बराच वेळ बघितली. त्या दिवशी तिनं पाटी पुसली नाही, तशीच दप्तरात घालून नेली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गणितं घातली, तर म्हणे कोपऱ्यातल्या जागेत बारीक अक्षरात सोडवली.

आठवड्याभरात तिला उत्तरं पाठ झाली. पण अचानक विचारलं की चुकायची. मी मधेच म्हणायचे, "जा, आईला विचारून ये," आणि ती पळत सुटायची संजीवनीकडं. मी हाताला धरून परत बसवायचे.

"अशीच फसवतील तुला तिथं. म्हणतील, खरं सांग, आई म्हण. गोड बोलतील, जवळ घेतील. फसायचं नाही. काय?"

"फसायचं न्हाय."

"फसलीस तर सगळ्यांना शिक्षा होईल."

तरी चुकायचीच. सुनावणीला पंधरा दिवस राहिले होते. मग मी संजीवनीला एकटीला बोलावून एक युक्ती सांगितली. तिला ती पटली नव्हती. पण तिनं ती केली, कारण बाईंनी सांगितलेलं चुकायचं नाही, असं गावात सगळेच मानायचे.

सुनावणीच्या दिवशी आम्ही भाड्याच्या जीपनं जिल्ह्याला गेलो. हणमंत, संजीवनी, लीला, ज्ञानदेव आणि माझ्या मांडीवर कोमल. तिला नवा फ्रॉक घेतला होता. वाटेत ती खिडकीतून मैलाचे दगड मोजत होती.

साहेबांनी आधी माझं रजिस्टर बघितलं. पानं उलटली, उसळीच्या डागावर बोट ठेवून म्हणाले, "रजिस्टर जरा स्वच्छ ठेवत जा, बाई." मी बरं म्हटलं. मग त्यांनी कोमलला पुढं बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. खुर्ची जवळ ओढली, आवाज मऊ केला.

"बाळ, नाव काय तुझं?"

"कोमल ज्ञानदेव काकडे."

"आणि आईचं?"

"लीला ज्ञानदेव काकडे."

तोडकरचा वकील पुढं झाला. त्यानं संजीवनीकडं बोट केलं. "मग ह्या कोण?"

"काकू."

"बरं. तुला घरी जेवायला कोण वाढतं गं?"

हा प्रश्न मी घेतलेला नव्हता. कोमलनं जरासा विचार केला आणि म्हणाली, "काकू वाढती. मी काकू म्हटलं की वाढती."

साहेब हसले. कारकूनही हसला. "गोड आहे पोरगी," साहेब म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. वकिलालाही त्यात काही सापडलं नाही. त्या खोलीत त्या वाक्याचा अर्थ आम्हा दोघींनाच कळला, मला आणि संजीवनीला. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

माझी युक्ती तीच होती. मी तिला सांगितलं होतं, "पंधरा दिवस तिनं आई म्हणून हाक मारली, तर ओ द्यायची नाही. बघायचंसुद्धा नाही. पाणी मागू दे, भाकरी मागू दे, रडू दे. काकू म्हणाली की लगेच द्यायचं, जवळ घ्यायचं. पोरं चार दिवसांत शिकतात." बाटलीचं दूध सोडवायला मी बायकांना असलंच काहीतरी सांगायचे.

निकाल आमच्या बाजूनं लागणार हे वकिलानं बाहेर येताच सांगितलं. हणमंतानं ज्ञानदेवाला टाळी दिली. संजीवनी कचेरीच्या पायरीवर मटकन बसली, कोमलला दोन्ही हातांनी ओढून समोर घेतलं.

"झालं माझ्या बाये, झालं सगळं. आता म्हण. आई म्हण मला. आता देती मी ओ."

कोमलनं माझ्याकडं बघितलं. अवघड प्रश्न आला की बघायची, तशी. मग तिच्या तोंडावर हसू आलं. उत्तर सापडल्याचं हसू.

"मी न्हाय फसायची, काकू," ती म्हणाली.

"अगं न्हाय गं, आता खरंच..."

"बाई, बघा, मी न्हाय फसले!"

संजीवनीनं तिला छातीशी धरलं, तर ती अंग चोरून उभी राहिली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. 'म्हण गं, संपला खेळ,' एवढंच. त्या वेळी माझंच ऐकत होती ती पोर. पण तेवढ्यात हणमंत जीपमधून एक पिशवी घेऊन आला. कपड्यांची पिशवी, वर कोमलची पाटी.

"वकील म्हणत्यात, तोडकर वर अपील करणार. चौकशीला कुणी घरी आलं तर पोरगी हितं दिसाय नगं. वयनी, तुमी हिला घेऊन इचलकरंजीची यष्टी धरा. शाळेचा दाखला मागनं पाठवतो."

पिशवी सकाळीच भरली होती! संजीवनीला ठाऊक नव्हतं. हे मी तिची बाजू घेऊन सांगत नाही. तिचा चेहराच मी बघितला. ती उठली, हणमंताच्या हातातली पिशवी ओढायला लागली. "कागदावर म्हणाला हुता तुमी! नुस्तं कागदावर म्हणाला हुता!" कचेरीतली माणसं वळून बघायला लागली. हणमंत दात आवळून एवढंच म्हणाला, "सरपंच, लोक बघत्यात." आणि तिनं पिशवी सोडली.

ते मला कधीच विसरता आलं नाही. तिनं ती सोडली नसती, तर मी तिला सगळं माफ केलं असतं. आणि मी? मी रजिस्टर कवटाळून उभी होते.

लीलानं हात पुढं केला. कोमलनं तो धरला. जाताना तिनं वळून मला विचारलं, "बाई, हे बी इचारणार हुते व्हय?"

माझी खोली झाली. पांढऱ्या दगडावर संजीवनीचं नाव आहे. नळही आला. तोडकरनं खरंच अपील केलं, ते चार वर्षं लोंबकळलं. तोवर लीलाला मुलीचा आणि मुलीला लीलाचा लळा लागला आणि कुणी कुणाला परत काही मागितलं नाही. आता त्या खोलीत सात पोरं येतात. घरटी एक, फार तर दोन, बाकीची माणसं पुण्या-मुंबईला. परवा वरून साहेब आले, म्हणाले, "बाई, पट एवढा कमी कसा? शेजारच्या गावात विलीन करावी लागेल." तेव्हा जास्त आहेत म्हणून मोजायला यायचे, आता कमी आहेत म्हणून येतात. त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी कोमलचं लग्न झालं, इचलकरंजीला. पत्रिकेवर 'ज्ञानदेव व सौ. लीला यांची सुकन्या' होतं आणि खाली निमंत्रकांत 'काका-काकू'. संजीवनी आणि मी एकाच यष्टीनं गेलो. वाटेत ती म्हणाली, "बाई, तुमचं ऐकती ती. एकदा सांगून बघा. मी मरायच्या आधी एकदा."

मी नवरीच्या खोलीत गेले. कोमलनं वाकून नमस्कार केला, मला बसायला खुर्ची दिली. हातभर चुडा, चांगली उंच झालेली. मी सगळं सांगितलं. युक्ती माझी होती, आईचा दोष नव्हता, एकदा हाक मार, एवढंच म्हटलं. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, तिला आठवतच नसेल.

"सगळं आठवतंय, बाई," ती म्हणाली. "फसवायला न्हाई म्हणत ती, हे तिथं पायरीवरच कळलं हुतं मला. सहा वर्सांची हुते, खुळी नव्हते."

"मग?"

"पयल्या दिवशी मी ताटली घेऊन चुलीपाशी उभी हुते. ती भाकरी थापत हुती. मी आई म्हटलं. तिनं मागं बघितलं न्हाई. मी परत म्हटलं. भाकरी फुगली, तिनं ती टोपलीत टाकली, दुसरी थापायला घेतली. किती वेळा हाक मारली मी, ठावं हाय?" तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "तुमी तर सगळ्याचीच नोंद ठिवता."

बाहेर मांडवात भटजींनी आवाज दिला, "मुलीची आई कुठाय? मुलीच्या आईनं पुढं या."

मी दारात आले. लीला पदर सावरत बोहल्याकडं निघाली होती. तिसऱ्या रांगेत संजीवनी खुर्चीतून अर्धी उठली होती. ती परत बसली.